घरातले नाव, बाहेरचे नाव

बंगाली माणसाला बहुधा दोन नावे असतात. एक 'भालोनाम'. शाळेच्या दाखल्यावर, पगारपत्रकावर, लग्नपत्रिकेवर छापायचे नाव. दुसरे 'डाकनाम', म्हणजे हाक मारायचे नाव. ते आई, आजी, मावशी आणि जुने शेजारी वापरतात. बाहेर प्राध्यापक किंवा न्यायाधीश म्हणून वावरणारा गृहस्थ घराचा उंबरठा ओलांडून आत आला की पुन्हा 'खोका' होतो, म्हणजे बाळ. बाहेर थोडे सांभाळून वागायचे आणि घरी मोकळे व्हायचे, हा या पद्धतीमागचा साधा समज.

समलिंगी किंवा पारलिंगी बंगाली तरुणतरुणींच्या वाट्याला हीच रचना उलटी येते. कॉलेजच्या मित्रमैत्रिणींत, एखाद्या आधारगटात, परगावच्या भाड्याच्या खोलीत त्यांना स्वतःसारखे वागता येते. घरी आल्यावर मात्र चालणे, बोलणे, हातवारे, फोनवर कोणाचे नाव झळकते, सगळे सांभाळावे लागते. मुखवटा जिथे काढून ठेवायचा, तिथेच तो घट्ट बांधावा लागतो. स्त्री-पुरुषांच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या अशा सर्वांसाठी आता 'क्वीअर' हा एक शब्द वापरला जातो. त्यांच्या मानसिक आरोग्याची चर्चा कायदा, मोर्चे आणि सिनेमा यांच्याभोवती बरीच होते. या प्रश्नाचे मूळ घरात आहे आणि सर्वांत परिणामकारक उपायही घरातच आहे, हे त्या चर्चेत मागे पडते.

आधी वैद्यकशास्त्राची बाजू. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता मनोविकारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तेच केले. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नसल्याचे जाहीर केले. पारलिंगी असणेही जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात मनोविकारांच्या प्रकरणातून वगळले आहे; ते वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले. म्हणजे 'हे बरे कसे होईल?' या प्रश्नाला विज्ञानाकडे उत्तर नाही, कारण बरे करण्यासारखे तिथे काही नाही.

मग या गटात नैराश्य, चिंतारोग, व्यसन आणि आत्महत्येचे विचार अधिक का आढळतात? अमेरिकी संशोधक इलान मेयर यांनी २००३ मध्ये याचे जे स्पष्टीकरण मांडले, ते आज सर्वत्र वापरले जाते. त्याला अल्पसंख्याकांचा ताण म्हणता येईल. इतरांना असलेले ताण या व्यक्तींना असतातच. परीक्षा, नोकरी, पैसा कोणाला सुटले आहेत? त्यावर आणखी एक थर चढतो. प्रत्यक्ष झालेला अपमान, पुढच्या अपमानाची सतत धास्ती, स्वतःला लपवण्याची कसरत, आणि लहानपणापासून ऐकलेली हेटाळणी हळूहळू स्वतःलाच खरी वाटू लागणे, असे त्याचे चार पदर आहेत.

यातली लपवण्याची कसरत शरीरालाही महागात पडते. धोका दिसला की मेंदू शरीराला सावध करतो, कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनालिन वाढतात, नाडी जलद होते. धोका टळला की सारे पूर्वपदावर येते. पण धोका जेवणाच्या पानासमोरच बसलेला असेल, तर ती सावधगिरी उतरतच नाही. झोप उडते, पोट बिघडते, डोके दुखते, छातीत धडधडते. असा रुग्ण मानसोपचार विभागात जातच नाही. तो मेडिसिनच्या ओपीडीत 'गॅस होतो' म्हणून येतो. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. ॲसिडिटीची गोळी घेऊन तो परत जातो आणि महिन्याभराने पुन्हा येतो. कोणी विचारलेच तर 'घरी लग्नाचे बघतायत' एवढेच सांगतो. निदान त्या वाक्यात असते.

बंगालच्या बाबतीत हे अधिक बोचते, कारण कलेच्या प्रांतात या समाजाने फार पूर्वीच मोकळेपणा दाखवला आहे. पुरुषासारखी वाढवलेली मणिपूरची राजकन्या चित्रांगदा रवींद्रनाथांनी १८९२ मध्ये नाटकात आणली आणि १९३६ मध्ये तिची नृत्यनाटिका केली. आजही ती गल्लीबोळातल्या कार्यक्रमांत होते आणि पालक कौतुकाने पाहतात. बालगंधर्वांवर जीव टाकणाऱ्या मराठी रसिकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. जात्रा या लोकनाट्यात चपल भादुरी स्त्रीभूमिकांची 'राणी' म्हणून गाजले. पुढे स्त्रिया स्वतः रंगमंचावर येऊ लागल्या आणि त्यांची कामे आटली. ऋतुपर्ण घोष यांनी २०१२ मध्ये 'चित्रांगदा' हाच धागा घेऊन लिंगबदलाच्या उंबरठ्यावरच्या एका नृत्यदिग्दर्शकाचा चित्रपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष सन्मान मिळाला.

त्याच ऋतुपर्णांच्या बोलण्याची, हातवाऱ्यांची नक्कल मात्र बंगाली दूरचित्रवाणीवर हुकमी हशा मिळवत होती. नक्कल करणाऱ्या कलाकाराला त्यांनी आपल्याच मुलाखतीच्या कार्यक्रमात समोर बसवून याचा जाब विचारला. ही खिल्ली एका दिग्दर्शकाची नसून बंगालमधल्या प्रत्येक 'मेयेली' मुलाची आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मेयेली म्हणजे बायकी. घरातल्या दिवाणखान्यात त्या नकलेवर वडील खळखळून हसतात, तेव्हा शेजारी बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला कळते की आपले गुपित इथे कधीच उघडायचे नाही. त्याला कोणी मारलेले नसते, रागावलेले नसते. तरी तो धडा पक्का होतो.

आधार उभा करण्यातही हा समाज पुढे होता. १९९३ मध्ये कोलकात्यात 'काउन्सेल क्लब' सुरू झाला आणि ठिकठिकाणांहून त्याच्या पत्त्यावर पत्रे येऊ लागली. २ जुलै १९९९ रोजी जेमतेम पंधरा जण कोलकात्याच्या रस्त्यावरून चालले. दक्षिण आशियातली ती पहिली अभिमान यात्रा मानली जाते. त्याच वर्षी काही समलिंगी स्त्रियांनी 'सॅफो' हा गट स्थापन केला. २०१५ मध्ये पारलिंगी व्यक्तींच्या पुढाकाराने झालेल्या दुर्गापूजेत अर्धनारीश्वराच्या रूपातली मूर्ती बसवली गेली. त्याच वर्षी मानबी बंद्योपाध्याय कृष्णनगरच्या महिला महाविद्यालयात रुजू होऊन देशातल्या पहिल्या पारलिंगी प्राचार्य ठरल्या. रस्ता, मांडव, महाविद्यालय अशी एकेक जागा मिळत गेली. घराचे दार उघडायला मात्र सर्वांत जास्त वेळ लागतो आहे.

ते न उघडण्याची किंमत नंदीग्रामने पाहिली. तिथल्या एका गावात फेब्रुवारी २०११ मध्ये एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन तरुणींनी जीवन संपवले. दोघींचे मृतदेह ताब्यात घ्यायला घरचे कोणी पुढे आले नाही. देबलीना मजुमदार यांनी या घटनेवर केलेल्या माहितीपटाचे नावच 'एबोंग बेवारिश', म्हणजे 'आणि बेवारस', असे आहे. आत्महत्येला कधीच एकच कारण नसते, हे कोणताही डॉक्टर सांगेल. पण मृत्यूनंतरही ज्यांना घर मिळाले नाही, त्यांना जिवंतपणी ते किती मिळाले असेल, याचा अंदाज करता येतो.

या घटनेतून आणखी एक गोष्ट दिसते. मुलग्याला 'बाहेर' तरी असते: शहर, नोकरी, वसतिगृह. खेड्यातल्या मुलीला ते बहुधा नसते. तिचा फोन काढून घेतला जातो, शिक्षण थांबते आणि लग्न हाच इलाज ठरतो. लग्नाने लैंगिक कल बदलत नाही. फक्त दुःखी माणसांची संख्या एकाची दोन होते.

बंगाली समाज पश्चिम बंगालपुरता नाही. बांगलादेशने नोव्हेंबर २०१३ मध्ये हिजड्यांना स्वतंत्र लिंगओळख दिली, पण ब्रिटिशांच्या काळातले कलम ३७७ तिथे कायम आहे. २०१४ मध्ये तिथे सुरू झालेल्या 'रूपबान' या क्वीअर नियतकालिकाचे संपादक जुलहाज मन्नान यांची २५ एप्रिल २०१६ रोजी ढाक्यातल्या त्यांच्या घरात मित्रासह हत्या झाली. २०२४ मध्ये सातवीच्या पाठ्यपुस्तकातला शरीफाचा, म्हणजे एका हिजडा व्यक्तीचा धडा वादानंतर वगळला गेला. तिथे लपणे हा जीव वाचवण्याचा मार्ग असू शकतो. म्हणून 'घरी सांगून टाक' हा सल्ला सरसकट कोणालाच देऊ नये. कोणाला, कधी आणि किती सांगायचे, हे त्या व्यक्तीनेच ठरवायचे. सांगितल्यास निवारा आणि शिक्षण सुटणार नाही ना, हे आधी पाहायचे.

भारतात ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिलेले नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करायला मनाई केली आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये 'बदलवण्याचे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तरीही 'याला बरे करा' म्हणून मुलाला घेऊन फिरणारे पालक आहेत आणि त्यांना निराश न करणारे डॉक्टर, बाबा, समुपदेशकही आहेत. अशा उपचारांनी कल बदलत नाही. अपराधीपणा आणि नैराश्य वाढल्याचे मात्र दिसून आले आहे.

पालकांवर आरोप करून इथे थांबता येणार नाही. मुलाला जे समजून घ्यायला दहा वर्षे लागली, ते पालकांनी एका संध्याकाळी पचवावे, ही अपेक्षा कठोर आहे. सून, नातवंडे, म्हातारपण, नातेवाइकांच्या नजरा, सारे त्यांच्या डोळ्यांसमोरून एकदम जाते. बंगालीत म्हणतात, 'लोके की बोलबे?' मराठीतले 'लोक काय म्हणतील?' आणि ते वाक्य यांत अनुवाद करावा इतकेही अंतर नाही. त्यांचे दुःख खरे आहे. त्यांनाही समुपदेशन मिळायला हवे. पण आपले दुःख आवरायला त्यांना वेळ आहे. मुलाकडे तेवढा वेळ असेलच असे नाही.

इथे विज्ञानाची दोन निरीक्षणे उपयोगी पडतात. दोन्ही अमेरिकेतली आहेत, पण घराचे महत्त्व तिथल्यापेक्षा इथे जास्तच. कॅटलिन रायन आणि सहकाऱ्यांना २००९ मध्ये असे आढळले की किशोरवयात घरच्यांकडून तीव्र नकार अनुभवलेल्या समलिंगी आणि उभयलिंगी तरुणांत आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण, नकार नसलेल्या किंवा अगदी कमी असलेल्यांच्या तुलनेत, ८ पटींहून अधिक होते. स्टीफन रसेल यांच्या गटाने २०१८ मध्ये पारलिंगी तरुणांना एक साधा प्रश्न विचारला: तुम्ही निवडलेल्या नावाने तुम्हाला कुठे कुठे हाक मारतात? घर, शाळा, कामाचे ठिकाण, मित्र, यांतल्या जितक्या ठिकाणी ते नाव वापरले जात होते, तितके नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी होते. दोन्ही अभ्यासांत दिसतो तो संबंध. एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण नावाने हाक मारायला पैसे पडत नाहीत आणि तिचे दुष्परिणामही नाहीत. इतके स्वस्त औषध वैद्यकशास्त्रात क्वचितच सापडते.

तेव्हा करायचे काय? पालकांनी पहिल्या दिवशी सगळे समजून घेतलेच पाहिजे असे नाही. 'मला हे कळत नाही, पण तू आमचाच आहेस' एवढे म्हटले तरी पुरते. मारहाण, कोंडून ठेवणे, जबरदस्तीचे लग्न आणि 'बदलवणारे' उपचार या चार गोष्टी टाळायच्या. टीव्हीवरच्या बायकी नकलेवर हसू आले तरी शेजारी कोण बसले आहे ते पाहायचे. डॉक्टरांनी 'लग्न झाले का?' याऐवजी 'घरी कोण कोण आहे, मोकळेपणाने कोणाशी बोलता येते?' असे विचारायचे. झोप, भूक, व्यसन यांची चौकशी करायची आणि जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारायचे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. ही चौकशी नातेवाइकांना बाहेर बसवून करायची आणि ऐकलेले त्यांच्या कानावर घालायचे नाही.

महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनाही हे लांबचे नाही. झवेरी बाजारातल्या कारागिरांपासून पुण्याच्या आयटी कंपन्यांपर्यंत बंगालीभाषक तरुण इथे राहतात. त्यांतल्या काहींना मोकळेपणा इथेच पहिल्यांदा मिळतो आणि पूजेला गावी जायचे दिवस जवळ आले की त्यांची झोप उडते. गणपतीला गावी निघणाऱ्या काही मराठी मुलांचेही तसेच होते. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठी व बंगालीसह अनेक भाषांत उपलब्ध आहे. मनात टोकाचे विचार येत असतील, तर तो क्रमांक आजच लावावा.

हेल्पलाइन, कायदा, आधारगट हे सारे हवेच. पण ते घराबाहेरचे आहेत आणि मूल अडचणीत असते ते घरात. बंगाली घराने हाक मारायच्या नावाची सुंदर रीत जपली आहे. त्या नावाला शिक्षण, पद, जात, हुद्दा यांतले काही लागत नाही. माणूस आपला आहे एवढे पुरते. आता त्याला आणखी एक अट लावायची नाही, इतकेच त्या घराकडून मागणे आहे.