शेंगा, टरफले आणि भाषण

भाषणाचे पाठांतर कायद्याने बंद केले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि सुरुवात आमच्या रत्नागिरीपासून, जमल्यास टिळक आळीपासूनच करावी.

23 जुलै 1856 रोजी लोकमान्य टिळक इथे जन्मले. त्याची शिक्षा गावातली पोरे दर पावसाळ्यात दोनदा भोगतात. 23 जुलैला जयंती, 1 ऑगस्टला पुण्यतिथी! आई भाषण लिहिते, बाबा आरशासमोर घोकून घेतात, आजोबा हातवारे बसवतात. "'सिंह' म्हटलंस की मूठ वळ रे!" स्पर्धेत पोरगे 'वंदनीय गुरुजनवर्ग'पासून गाडी सोडते. वाटेत एक शब्द निसटला, की गाडी परत पहिल्या स्टेशनात! मूठ 'सिंहा'वर न वळता 'टरफलां'वर वळते. परीक्षकाच्या खुर्चीतून मी हे दरवर्षी पाहतो. बक्षीसही यालाच मिळते. अडखळत का होईना, स्वतःचे बोलणारी पोरगी टाळ्या वाजवीत बसते.

बरे, गोष्ट कुठली? शेंगांची! न खाल्लेल्या शेंगांची टरफले उचलणार नाही, असे मास्तरांना ठणकावणाऱ्या मुलाची गोष्ट हा बिचारा दुसऱ्यांच्या शेंगांची टरफले वेचीत सांगतो!

1908 च्या खटल्यात टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली. 21 तासांहून अधिक बोलले. ते काय कुणाच्या आईने लिहून दिले होते?

तालीम नकोच, असे नाही हो. सिंधुदुर्ग 1981 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होता. तिथल्या दशावतारी नटाला विचारा. त्याच्या हाती लिहिलेले संवाद नसतात. कथा पक्की ठाऊक असते, शब्द उभ्याउभ्या सुचतात, आणि नाटक रात्रभर चालते.

तेव्हा पोराला स्वतःचे चार मुद्दे काढू द्या. पाठ करायचेच, तर पहिले आणि शेवटचे वाक्य तेवढे करा. घड्याळ लावा आणि आरसा झाका. आरसा कधी "म्हणजे रे काय?" म्हणून विचारत नाही. ओटीवर आठळ्या सोलीत बसलेली आजी विचारते. तिच्यासमोर उभे राहून मोठ्याने बोलायचे, तिने अडवले की समजावायचे, उद्या पुन्हा नव्या शब्दांत. आजीला कळले, की सभेला कळलेच.

नाहीतर हेच पोर उद्या साहेब होईल आणि पडद्यावरची अक्षरे पडद्याकडेच तोंड करून वाचील.

आईबाबांनो, शेंगा पोराला खाऊ द्या. मग टरफले तो आनंदाने उचलील.