मोकळं रान

ऑक्टोबरात लख्ख ऊन पडलं की इंग्लंडमधल्या किंडर स्काउटवर भटकायला काय मजा येते! उंची जेमतेम ६३६ मीटर. हेदरची जांभळी फुलं सुकून तपकिरी झालेली, पायाखाली काळी भुसभुशीत माती आणि नजर पोचेल तिथवर मोकळं रान...

पण ते कायम मोकळं नव्हतं. जमीनदारांनी ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठी ते अडवून ठेवलं होतं. २४ एप्रिल १९३२ला मँचेस्टरकडची शेकडो कामगार पोरं मुद्दाम आत घुसली. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जण तुरुंगात गेले. अशा रानात हिंडायचा हक्क देणारा कायदा व्हायला मात्र २००० साल उजाडलं!

मला तरी वाटतं, इथे चालताना निसर्गाचं कौतुक करण्याआधी त्या पोरांचे आभार मानावेत.