आठशे डॉलरची घोडी



माझी १४ वर्षांची मुलगी इथे ओहायोत घोडेस्वारी शिकते. तिच्या पागेत चार वर्षांची एक घोडी विकायला आहे, अवघ्या ८०० डॉलरना. खोगीर ठेवू देते, पण स्वार बसला की बिथरते. "आई, मी शिकवीन तिला," इति कन्या.

मी हिशेब मांडला. ५०० किलोच्या घोड्याला रोज दहाएक किलो गवत लागतं, दर सहा-आठ आठवड्यांनी खूर तासावे लागतात, आणि घोडा २५-३० वर्षं जगतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! पण ही घोडी स्वस्त आहे ती तिला शिकवण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत म्हणून. प्रयोगशाळेत मी नवशिक्याला नवशिक्याच्या हाताखाली देत नाही. इथे तर हाडं मोडायची भीती.

"आपण नाही घेतली तर तिचं काय होईल?" हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. अमेरिकेतले शेवटचे घोड्यांचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, पण त्यानंतरही लिलावातले घोडे कत्तलीसाठी मेक्सिको-कॅनडाला गेले. हौसेने घेतलेला, न झेपलेला घोडा लिलावात सहज पोचतो. दयेपोटी घेऊन वर्षभराने विकणारे आपणही त्यातलेच.

म्हणून माझी अट: आधी पशुवैद्याची तपासणी, मग दोन महिने जाणत्या प्रशिक्षकाकडे, आपल्या खर्चाने. त्याची फी घोडीच्या किमतीहून जास्त आहे. घरात यावर अजून अबोला आहे.