पडद्यावरचा मांत्रिक

भूत उतरविण्याचा सिनेमा चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांनीं पाहावा काय, असा प्रश्न शहाण्या लोकांस पडला आहे. पोर रात्रीं दचकेल, ही त्यांची चिंता! आमची चिंता निराळी. दचकलेलें पोर सकाळीं हंसतें. पण पडद्यावर बांधून मारणारा मांत्रिक शूर ठरला, हें तें विसरत नाहीं. वाचकहो, आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे ही गंमत नव्हे. २०२१ च्या ऑगस्टांत जिवती तालुक्यांतील वणी खुर्द येथें भानामतीच्या संशयावरून दलित म्हाताऱ्याकोताऱ्यांस भर चौकांत बांधून बडविलें. २०२४ च्या मे महिन्यांत एटापल्ली तालुक्यांतील बारसेवाडा येथें एक बाई व एक पुरुष जिवंत जाळलीं.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचींत पहिलाच गुन्हा कोणता? भूत उतरविण्याच्या बहाण्यानें बांधणें, मारणें, मिरचीची धुरी देणें! शिक्षा सात वर्षांपर्यंत. म्हणजे पडद्यावर जो पराक्रम, कायद्यांत तोच तुरुंग!

सिनेमावर बंदी आम्ही मागत नाहीं. बंदीनें ओढच वाढते. पण वयाचा शिक्का मारून सेन्सॉर मोकळें होतें, तेवढ्यानें भागत नाहीं. पोरांस सिनेमा दाखविणाऱ्यानें आधीं ती अनुसूची त्यांच्यापुढें मोठ्यानें वाचावी. ज्यास एवढेंही जमत नसेल, त्यानें तिकिटाचे पैसे खिशांतच ठेवावे!