वाफसा, बिनतारी यंत्र आणि फुकट वीज

मूठभर माती दाबून वाफसा ओळखणे ही आपल्या शेतकऱ्याची वडिलोपार्जित विद्या. तेच काम आता जमिनीत पुरलेले बिनतारी संवेदक करू पाहत आहेत. २००६ साली अमेरिकेतील अक्यिल्दिझ व स्टंटबेक या संशोधकांनी अशा भूमिगत जाळ्यांची शास्त्रीय मांडणी केली, तेव्हापासून या विषयाला वेग आला.

कल्पना सोपी, अडचण मोठी. खांब आणि तारा नांगरटीच्या आड येतात, म्हणून यंत्र फाळाच्या खाली पुरावयाचे. परंतु मातीतील ओलावा बिनतारी लहरी शोषून घेतो. काळ्या चिकण जमिनीत त्यांची वाट रेताड जमिनीपेक्षा अधिकच बिकट. म्हणजे रान भिजल्याची वार्ता द्यावयाची, नेमका तेव्हाच यंत्राचा आवाज बसतो! लहरींची वारंवारता कमी ठेवावी तर अँटेना मोठी होते, आणि बॅटरी संपली की उभ्या पिकात खणती घेऊन उतरणे आले. शास्त्रज्ञ यातून मार्ग काढतील, याविषयी आम्हांस शंका नाही.

शंका आहे ती निराळीच. महाराष्ट्रात लागवडीच्या ४ टक्क्यांहून कमी क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी पितो, असे कृषिमूल्य आयोगानेच नमूद केले होते. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साह्याने याच उसावर संवेदक व कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग आरंभिले आहेत. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृषी क्षेत्रासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरणही संमत केले. हे स्वागतार्हच. पण त्याच सरकारने २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत दिली आहे! ‘पुरे, पंप बंद कर’ असे यंत्राने सांगितले, तरी ते ऐकल्याने शेतकऱ्याची दमडीही वाचत नाही. कालव्याखालच्या शेतकऱ्याची स्थिती तर अधिकच चमत्कारिक. त्याचे पाणी यंत्राच्या इशाऱ्यावर नव्हे, पाटबंधारे खात्याच्या पाळीवर येते. आजची पाळी सोडली तर पुढची कधी, याचा भरवसा कोणी द्यावा? असा मनुष्य मिळेल तेवढे पाणी रानात घेतो, यात त्याचा दोष तो काय?

तेव्हा धोरणाचा पैसा केवळ यंत्रांच्या खरेदीत जिरवू नये. ज्या गावी संवेदक पुरावयाचे, तेथे आधी पाळीचे वेळापत्रक पक्के करावे, पाणी मोजून द्यावे, आणि वाचविलेल्या पाण्याचा मोबदला शेतकऱ्याच्या पदरी पडेल अशी तरतूद करावी. पाणीवापर संस्थांचा कायदा २००५ पासून आपल्यापाशी आहे. त्या संस्थांना या योजनेत स्थान कोणते, याचा खुलासा कृषी व जलसंपदा या दोन्ही खात्यांनी एकत्र बसून करावा.