लेखकपणाचा परवाना कोण देतो?

एप्रिल महिना जवळ आला की आपल्या स्मरणिकेच्या संपादक मंडळाचे दूरध्वनी सुरू होतात आणि दरवर्षी त्यांना एकच उत्तर ऐकावे लागते : "साहेब, जाहिरात देतो, पण लेखाचे तेवढे सोडा. मी काही लेखक नाही." हे उत्तर देणाऱ्यांत अभियंते आहेत, लेखापाल आहेत, शिक्षिका आहेत आणि प्रस्तुत लेखक स्वतःही आहे. सलग बारा वर्षे मी हेच सांगत आलो. एका वर्षी फारच आग्रह झाला तेव्हा मधुमेहात घ्यावयाच्या काळजीविषयी दीड पान लिहून दिले व त्याखाली माझी पदवी छापून घेतली. ते दीड पान लिहिताना मला कसलीही भीती वाटली नाही, कारण त्यात माझ्याविषयी एक अक्षरही नव्हते.

या उत्तराला आपण विनय समजतो. माझे स्पष्ट मत असे की हा विनय नव्हे. ज्या बांधवाला आपल्या नावापूर्वी 'डॉक्टर' किंवा 'इंजिनियर' लावण्यात संकोच वाटत नाही, लग्नपत्रिकेत जो घरातील प्रत्येकाची पदवी आवर्जून छापतो, त्यालाच 'लेखक' हा शब्द उच्चारताना घाम का फुटावा? पदवी दुसऱ्याने दिलेली असते, तिच्यावर शिक्का असतो. लेखकपणावर शिक्का मारणारे कार्यालय जगात कोठेही नाही, आणि शिक्क्यावाचून स्वतःविषयी काही म्हणण्याची आपल्याला सवय नाही. परवानगीची वाट पाहत उंबऱ्याबाहेर उभे राहण्याची ही सवय कोठून आली, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगायला नको.

परंतु ज्यांच्यामुळे आपण आज येथवर आलो, त्यांनी अशी वाट पाहिली होती काय? १८५५ साली मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. जोतिराव व सावित्रीबाईंच्या शाळेत तिचे जेमतेम तीन वर्षांचे शिक्षण झाले होते. १९१६ च्या मे महिन्यात, घरापासून हजारो मैल दूर न्यूयॉर्कमध्ये, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींच्या उत्पत्तीवर आपला निबंध वाचला. परदेशात आल्यावर लिहायला वेळ मिळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावे. पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' काढले. ज्यांना वाचा नाही त्यांच्या नायकाचे पत्र, हे नावच पुरेसे बोलके आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या वाट्याला शाळेचे दोन दिवसही धड आले नाहीत. तरीही १९५९ साली त्यांची 'फकिरा' आली आणि ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. एका लेखकाने दुसऱ्या लेखकाला दिलेली ती मानवंदना होती.

आणि फलटणच्या बेबीताई कांबळे! लहानसे दुकान चालवता चालवता त्यांनी आपल्या वस्तीची हकिकत लिहिली. नवऱ्याच्या व घरच्यांच्या भीतीने त्या वह्या सुमारे वीस वर्षे दडवून ठेवल्या. फलटणला राहून काम करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी त्या पाहिल्या, छापण्याचा आग्रह धरला आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले. आता मला सांगा, बेबीताई लेखिका केव्हा झाल्या? १९८६ साली, की त्या वह्या लपवून ठेवलेल्या होत्या तेव्हाच? माझ्या मते तेव्हाच. पुस्तकाने आपल्याला फक्त ते कळले.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप दर्जाचा. कोणीही उठून स्वतःला लेखक म्हणवू लागला तर साहित्याचे काय होणार? मी डॉक्टर आहे, तेव्हा परवान्याचे महत्त्व मला कोणी शिकवू नये. दुबईत आरोग्य प्राधिकरणाचा, अबुधाबीत तेथील आरोग्य विभागाचा परवाना असल्याखेरीज मला रुग्णाच्या नाडीला हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण माझ्या अज्ञानाने माणूस दगावू शकतो. वाईट लेखाने कोणी दगावत नाही, वाचक पान उलटतो. लेखनाची परीक्षा लिहून झाल्यावर होते, लिहिण्यापूर्वी नव्हे. लेखक म्हणवून घेणे म्हणजे थोर लेखक म्हणवून घेणे नव्हे. मीही डॉक्टर म्हणवून घेतो, म्हणून काही धन्वंतरी ठरत नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा. आमची भाषा शुद्ध नाही, मुलांच्या शाळेमुळे घरात निम्मे इंग्रजी व हिंदी बोलले जाते. बेबीताईंनी आपल्या पुस्तकाच्या नावातच 'जिणं' आणि 'आमुचं' लिहिले. शांताबाई कांबळे यांनी शिक्षिकेची नोकरी संपल्यावर आत्मकथन लिहिले आणि त्याला 'माज्या जल्माची चित्तरकथा' असे नाव दिले. आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन शिकवणाऱ्या बाईंना 'माझ्या जन्माची' लिहिता येत नव्हते, असे कोणी समजू नये.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अधिक सलतो, कारण तो माझाच होता. दुःख वडिलांनी भोगले. आम्ही वातानुकूलित घरात राहतो, आमच्याजवळ लिहिण्यासारखे काय आहे?

काही वर्षांपूर्वी औद्योगिक वसाहतीलगतच्या एका दवाखान्यात मी बसत असे. नांदेड जिल्ह्यातील एक गवंडी ताप घेऊन आला. ताप केव्हा केव्हा चढला, असे विचारताच त्याने खिशातून छोटी वही काढली. तारखा सांगताना पाने उलटत होती व त्यांत तापापलीकडचे पुष्कळ काही दिसत होते. वडील गेल्याची बातमी पराँचीवर असताना आली तो दिवस होता, विमानाच्या तिकिटाचा हिशेब होता, खोलीतल्या सोबत्यांनी आडनाव विचारल्यावर आपण काय सांगितले तेही होते. मी म्हटले, "तुम्ही तर लेखक आहात की." तो संकोचून हसला. "नाही हो डॉक्टरसाहेब, लेखक-बिखक कुठला! इसरायला होतं म्हणून मांडून ठेवतो." जाताना माझ्या नावाची पाटी त्याने पुन्हा वाचली आणि हलकेच "जयभीम" म्हणाला. बाहेर रुग्ण बसले होते, दार उघडे होते. मी फक्त मान हलवली.

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितली नव्हती, घरीसुद्धा नाही. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली निघाला. तो मी विद्यार्थीदशेत वाचला होता, त्यावर वसतिगृहात तावातावाने बोललोही होतो. आणि तरी मी मान हलवली. तेव्हा आमच्याजवळ लिहिण्यासारखे काय आहे, या प्रश्नाचे उत्तर मला त्याच दिवशी मिळाले होते. "मी लेखक नाही" हे वाक्य मी पुढेही वापरत राहिलो, कारण लेखक म्हटले की ही मान हलवल्याची गोष्ट लिहावी लागली असती. त्या गवंड्याने आपल्या वहीत जे लिहिण्याचे धैर्य दाखवले, ते वैद्यकीय पदवीने मला दिले नव्हते.

आखातातील आपल्या जीवनाची नोंद कोण ठेवणार? दरवर्षी शारजाच्या पुस्तक मेळाव्यात जाऊन पाहा. मल्याळी बांधव तेथे गर्दीने येतात, पुस्तके विकत घेतात आणि आपलीही प्रकाशित करतात. बेन्यामिन हे त्या वेळी बहरीनमध्ये नोकरी करणारे गृहस्थ. वाळवंटात शेळ्या राखताना गुलामासारखे जिणे वाट्याला आलेल्या एका मजुराची कहाणी त्यांनी ऐकली व २००८ मध्ये 'आडुजीवितम' ही कादंबरी लिहिली. नोकरदार माणसाने लिहावे की नाही, हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारत बसण्याचे कारण नव्हते. आपल्या निवासाच्या कागदपत्रांवर गवंडी, परिचारिका, लेखापाल असा व्यवसाय नोंदवलेला असतो. तो मालकाच्या कामापुरता खरा आहे. आपण कोण आहोत, हे ठरवण्याचा अधिकार आपण त्या रकान्याला देऊन टाकला आहे काय?

म्हणून संपादक मंडळाला माझी जाहीर विनंती आहे. शुभेच्छांची पाने कमी करा. बाबासाहेबांचे तेच ते चरित्र पुन्हा उतरवून पाठवणाऱ्यांना नम्रपणे परत पाठवा आणि स्वतःच्या घरातले लिहून मागा. भगिनींकडे केवळ पाककृती मागू नका. कामगार वसाहतींतील बांधव जयंतीला बसने येतात व मागच्या रांगांत बसून निघून जातात. त्यांच्यासाठी काही पाने राखून ठेवा, आणि त्यांची बोली दुरुस्त करू नका. लिहिणाऱ्यांनीही एवढे पथ्य पाळावे : जे लिहिताना हात जराही अडखळला नाही, ते बहुधा पुन्हा लिहिण्याची गरज असते. माझ्या मधुमेहावरील दीड पानाची तीच गत होती.

तो गवंडी आता कोठे आहे, मला माहीत नाही. ही स्मरणिका कधी त्याच्या हाती पडलीच तर त्याला माझे उत्तर मिळावे, आणि या वेळी ते छापील असावे : जयभीम, दादा.

या लेखाखाली माझी पदवी छापू नये. 'लेखक' एवढेच छापावे.