वही कोणाची, हिशेब कोणाला?

ग्वाल्हेरचा किल्ला चढताना वाटेत एकाच खडकात कोरलेले चतुर्भुजाचे छोटेसे देऊळ लागते. त्यात इ. स. 876 चा शिलालेख आहे. देवासाठी दिलेल्या फुलबागेची लांबी 270 हात, रुंदी 187 हात, आणि रोज 50 माळांची सोय, असा हिशेब त्यात नोंदलेला आहे. मराठीत ज्याला शून्य आणि कन्नडमध्ये सोन्ने म्हणतात, त्याच्या सर्वांत जुन्या निश्चित पुराव्यांपैकी हा एक. गणिती त्यातले शून्य पाहतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मात्र आणखी एक गोष्ट पाहावी. हा हिशेब येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता यावा म्हणून दगडावर कोरला होता.

याच ग्वाल्हेरात 1997 साली माहिती तंत्रज्ञान आणि व्यवस्थापन यांची राष्ट्रीय संस्था निघाली. आज ती अटलबिहारी वाजपेयींच्या नावाने ओळखली जाते. तिच्या नावात हे दोन विषय शेजारी बसले आहेत. आपल्याकडे मात्र 'बिग डेटा' हा शब्द निघाला की वाणिज्यवाले म्हणतात, "ते इंजिनियरांचे काम." हे मत मला मान्य नाही.

मुळात हे प्रकरण आहे तरी काय? एका यंत्रात मावत नाही एवढी माहिती आली, तर ती अनेक साध्या यंत्रांत वाटायची, प्रत्येकाने आपल्या वाट्याची बेरीज करायची आणि शेवटी सर्व बेरजा एकत्र आणायच्या. 2006 साली पुढे आलेली 'हडूप' ही प्रणाली हेच करते. एखादे यंत्र बंद पडले तरी काम अडू नये म्हणून माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या सहसा तीन प्रती ठेवते. बँकेच्या शाखांनी आपापली खतावणी लिहावी आणि मुख्य कचेरीत तेरीज जुळवावी, त्यातलाच हा प्रकार! 'काफ्का'सारखी प्रणाली रोजकीर्दीसारखी आहे. व्यवहार घडेल तशी नोंद, एकाखाली एक. या प्रणाली कोणालाही विनामूल्य वापरता येतात. मराठी माध्यमात रोजकीर्द आणि खतावणी शिकलेल्या मुलाला यात न समजण्यासारखे काय आहे?

आता दोन उदाहरणे घेऊ. पहिले पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावजवळच्या खोडदचे. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. सर्वांनी टिपलेले आकाशातले क्षीण संदेश एकत्र जुळवावे लागतात, तेव्हा कुठे एक चित्र तयार होते. या निरीक्षणांची माहिती जपून ठेवली जाते आणि ठरावीक मुदतीनंतर इतर शास्त्रज्ञांनाही खुली होते. म्हणजे एकाने काढलेला निष्कर्ष दुसरा पुन्हा तपासू शकतो. आपल्या भाषेत सांगायचे तर इथे लेखापरीक्षणाची सोय आहे.

दुसरे उदाहरण आपल्या खिशातले. 2016 साली सुरू झालेल्या यूपीआयवर 2025 च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात 2000 कोटींहून अधिक व्यवहार झाले. सरासरी काढली तर सेकंदाला सात हजारांहून जास्त! पैसे देण्याघेण्याच्या अशा जगात संशयास्पद व्यवहार हेरण्याचे काम घडत्या क्षणीच व्हावे लागते आणि ते यंत्रच करू शकते. पण यंत्राने एखाद्या भाजीवाल्या बाईचे पैसे अडवले, किंवा तिच्या नोंदी पाहून कर्ज नाकारले, तर तिने "का?" असे कोणाला विचारावे? व्हाउचरशिवाय नोंद नाही, हे आपण पहिल्या वर्षात शिकतो. मग कारणाशिवाय नकार कसा चालेल?

कोणी म्हणेल, एवढ्या वेगात प्रत्येक निर्णय तपासणार कोण? पण लेखापरीक्षक तरी प्रत्येक व्हाउचर कुठे पाहतो? तो नमुना निवडतो आणि नियम पाळला गेला की नाही ते बघतो. कोणी म्हणेल, लोकांची खाती उघडी करायची काय? मुळीच नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला आहे आणि तो हवाच. उघडा हवा तो निर्णयाचा नियम, आणि ज्याला नकार मिळाला त्याला त्याच्या भाषेत मिळावे ते कारण. शास्त्रज्ञ आकाशाच्या नोंदी दुसऱ्याला तपासू देतात. माणसाच्या पोटापाण्याच्या बाबतीत त्याहून ढिलाई का असावी?

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. आपल्या बी. कॉम.च्या लेखापरीक्षणाच्या विषयात यंत्राने घेतलेले निर्णय कसे तपासावेत, यावर चार तास तरी शिकवावे. आणि वाणिज्य विभागाने मराठी व कन्नड विभागांना सोबत घेऊन या विषयाची एक शब्दसूची करावी. आपला 'हिशेब' आणि कन्नडमधले 'लेक्क' हे शब्द बाजारात रोज एकमेकांच्या शेजारी वावरतात. ते या नव्या वहीतही यायला हवेत. जी वही आपल्याला वाचता येत नाही, तिच्यात आपल्या नावावर काय मांडले आहे हे आपल्याला कधीच कळणार नाही.